मादागास्करची जमीन, पाऊस आणि नद्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मादागास्करचे नाव निघाले की आपल्याकडे बहुधा लेमूर आणि बाओबाब एवढेच आठवते, आणि ज्या जमिनीने त्यांना घडवले ती नजरेआड राहते. खरे तर ही जमीन समजून घेणे मराठी वाचकाला सोपे जावे. घाटमाथा, कोकण आणि देश ही रचना ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्याला मादागास्करचा नकाशा निम्मा आधीच ठाऊक असतो. फक्त दिशा उलट्या कराव्या लागतात. पुढील उत्तरे हेच सूत्र धरून लिहिली आहेत, आणि ते जेथे लागू पडत नाही तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

मादागास्कर नेमके कोठे आहे आणि ते किती मोठे आहे?

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यासमोर, हिंदी महासागराच्या नैऋत्य भागात हे बेट दक्षिणोत्तर पसरलेले आहे. मोझांबिकची सामुद्रधुनी त्याला आफ्रिकेपासून वेगळे करते आणि ती सर्वांत अरुंद असते तेथेही तिची रुंदी सुमारे ४०० किलोमीटर भरते. पूर्वेकडे रेयुनियन आणि मॉरिशस ही छोटी ज्वालामुखीजन्य बेटे सोडली, तर पुढे हजारो किलोमीटर मोकळा समुद्र आहे.

क्षेत्रफळ सुमारे ५ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ १.९ पट आहे. ग्रीनलंड, न्यू गिनी आणि बोर्निओ यांच्यानंतर हे जगातील चौथे मोठे बेट ठरते, आणि द्वीपराष्ट्रांमध्ये इंडोनेशियाच्या खालोखाल याचाच क्रमांक लागतो. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंतची लांबी सुमारे १,६०० किलोमीटर आहे, तर रुंदी कोठेही ६०० किलोमीटरपर्यंत जात नाही. उत्तर टोक विषुववृत्तापासून जेमतेम १२ अंशांवर आहे आणि दक्षिण टोक मकरवृत्ताच्याही पलीकडे गेलेले आहे. एकाच देशात सदाहरित अरण्य आणि निमवाळवंट दोन्ही कसे, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग या लांबीत आहे. मोठा भाग मात्र डोंगरांच्या मांडणीत आहे आणि तो पुढे येईलच.

मुंबई आणि मादागास्करची राजधानी एकाच अक्षांशावर आहेत, हे खरे आहे का?

विषुववृत्ताच्या दोन बाजूंना, होय. मुंबई सुमारे १९ अंश उत्तरेला आहे आणि अंतानानारिव्हो सुमारे १९ अंश दक्षिणेला. दोन्ही शहरांमधील सरळ अंतर सुमारे ५ हजार किलोमीटर आहे. ऋतू अर्थातच उलटे चालतात: तेथील उष्ण पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो आणि थंड, कोरडा काळ मे ते ऑक्टोबर.

यावरून दोन्ही शहरांचे हवामान सारखे असेल असे समजू नये. अंतानानारिव्हो समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या पाचगणीच्या उंचीवर वसलेले आहे. जून ते ऑगस्ट या महिन्यांत तेथे रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, आणि अधिक उंचावरील अंत्सिराबे शहराच्या परिसरात काही पहाटे दहिवर गोठते. उष्ण कटिबंधातील बेट म्हणून केवळ सुती कपडे घेऊन जाणाऱ्याची तेथे चांगलीच अडचण होते.

मादागास्कर पूर्वी भारताला जोडलेले होते, असे म्हणतात. मग तेथेही आपल्यासारखा काळा कातळ आहे का?

पहिले विधान बरोबर आहे; त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र चुकतो. ही चूक इतकी सर्रास आढळते की येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे.

आफ्रिका, भारत, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका हे सारे भूभाग एकेकाळी गोंडवन या महाखंडाचे घटक होते. त्या महाखंडाच्या मध्यभागी मादागास्कर एका बाजूने आफ्रिकेला आणि दुसऱ्या बाजूने भारताला चिकटलेले होते. सुमारे १६ ते १७ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आणि भारत यांचा एकत्रित तुकडा आफ्रिकेपासून सुटू लागला आणि दक्षिणेकडे सरकला. सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आफ्रिकेच्या संदर्भात आजच्या जागी स्थिरावले होते. त्यानंतर, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी, भारत मादागास्करपासून तुटला आणि ईशान्येकडे निघाला. या दुसऱ्या ताटातुटीच्या काळात मादागास्करवर मोठ्या प्रमाणावर लाव्हा बाहेर पडला आणि त्याचे अवशेष किनाऱ्यांलगत व दक्षिणेत आजही दिसतात. त्याच घटनेची आपल्या बाजूची खूण पाहायची असेल तर कर्नाटकात उडुपीजवळ मालपेसमोरील सेंट मेरी बेटांवर जावे. तेथील षटकोनी खांबांसारखे खडक सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीचेच आहेत.

महाराष्ट्राचा काळा कातळ, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तो पसरला तेव्हा मादागास्कर मागे राहून सव्वादोन कोटी वर्षे उलटली होती, म्हणून दख्खनचा लाव्हा मादागास्करवर सापडत नाही आणि सापडणारही नाही. आपल्या किनाऱ्यापासून त्या काळाच्या सुमारास सुटलेला तुकडा सेशेल्सचा होता. मादागास्करच्या समोर जो भारतीय किनारा होता तो मुख्यतः कर्नाटक आणि केरळचा. त्यामुळे खडकांचे खरे नातेही तिकडेच जुळते: ईशान्य मादागास्करमधील अंतोंगिल उपसागराच्या परिसरातले ३०० कोटी वर्षांहून जुने खडक धारवाड क्षेत्राशी जुळतात, तर दक्षिण मादागास्करमधील उच्च तापमानात व दाबाखाली रूपांतरित झालेले खडक केरळ आणि तामिळनाडूतील खडकांचे सगोत्र आहेत.

तरीही महाराष्ट्राचा एक धागा येथे उरतोच. दख्खनचा लाव्हा ज्या तप्तस्थळातून (म्हणजे भूगर्भातून सतत तप्त द्रव्य वर येत राहते अशा जागेतून) आला असे बहुसंख्य भूवैज्ञानिक मानतात, ते आज रेयुनियन बेटाखाली आहे, म्हणजे मादागास्करपासून सुमारे ७०० किलोमीटरवर. भारताचे भूपट्ट त्यावरून उत्तरेकडे निघून गेले आणि रेयुनियनवरचा ज्वालामुखी अजूनही जागा आहे.

बेटाची भूरचना थोडक्यात कशी सांगता येईल?

पूर्वेकडून पश्चिमेकडे आडवा छेद घेतला तर सारे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. पूर्वेला हिंदी महासागराच्या काठाने सखल जमिनीची एक अरुंद पट्टी आहे, आपल्या कोकणासारखी. तिच्या मागे उभा कडा आहे, घाटासारखा. कड्यावर चढून गेले की ८०० ते १,८०० मीटर उंचीचा मध्यवर्ती उंच प्रदेश लागतो. तेथून पश्चिमेकडे जमीन पायऱ्यापायऱ्यांनी उतरत मोझांबिकच्या सामुद्रधुनीपर्यंत जाते आणि तिकडील मैदाने बरीच रुंद आहेत. सह्याद्रीचा तीव्र उतार पश्चिमेला आणि मंद उतार पूर्वेला असतो; येथे नेमके उलटे आहे. भारताचा पश्चिम किनारा आणि मादागास्करचा पूर्व किनारा या एकाच फाटणीच्या दोन कडा आहेत, हे लक्षात घेतले की दोन्हीकडचे कडे एकमेकांकडे तोंड करून का उभे आहेत ते उलगडते.

या साम्याला मर्यादा आहेत. मादागास्करचा पूर्वेकडील कडा अखंड एका रेषेत नाही. मध्य भागात तो दोन टप्प्यांत मोडतो आणि त्या दोन टप्प्यांच्या मध्ये एक लांबट खोलगट पट्टा आहे. जमीन ताणली जाऊन मधला भाग खचल्यामुळे तो तयार झाला, आणि बेटावरील सर्वांत मोठे सरोवर त्यातच आहे. शिवाय घाटमाथ्यावरून पूर्वेला गेल्यावर आपल्याला जशी सपाट पठारे लागतात, तसे सपाट पठार मादागास्करच्या मध्यभागी शोधून सापडत नाही. अनेक पुस्तकांत 'मध्य पठार' असा शब्द येतो, पण प्रत्यक्षात तो गोलसर टेकड्या, उघडे ग्रॅनाइटचे घुमट, भातखाचरांच्या दऱ्या आणि मधूनच उठलेले डोंगर यांचा ओबडधोबड प्रदेश आहे. म्हणून येथे 'उंच प्रदेश' असाच शब्द वापरला आहे.

खडकांची विभागणीही याच छेदाला धरून आहे. पूर्वेकडील सुमारे दोन तृतीयांश भागात अतिप्राचीन स्फटिकमय खडक आहेत, तर पश्चिमेकडील तृतीयांशात आफ्रिकेपासून सुटताना आणि त्यानंतर साचलेले वालुकाश्म, चुनखडक व चिकणमातीचे थर आहेत. पश्चिमेकडील सगळी नवलाची भूरूपे या थरांतूनच कोरली गेली आहेत.

घाट उतरण्याचा अनुभव घ्यायचा असेल तर फियानारांत्सोआ ते मानाकारा हा १६३ किलोमीटरचा रेल्वेमार्ग नकाशावर पाहावा. उंच प्रदेशातून पूर्व किनाऱ्यावर उतरणाऱ्या या मार्गावर ४८ बोगदे आहेत, आणि हा आकडा वाचला की बोरघाट ओळखीचा असलेल्या माणसाला त्या कड्याची कल्पना येते.

सर्वांत उंच शिखर कोणते? तेथे जागृत ज्वालामुखी आहेत का?

उत्तरेकडील त्सारातानाना डोंगररांगेतील मारोमोकोत्रो हे २,८७६ मीटरचे शिखर सर्वोच्च आहे. कळसूबाईपेक्षा ते १,२०० मीटरहून अधिक उंच आहे. आग्नेयेकडील आंद्रिंगित्रा रांगेतील इमारिव्होलानित्रा २,६५८ मीटर, तर राजधानीच्या नैऋत्येकडील आंकारात्रा रांगेतील त्सियाफाजाव्होना २,६४३ मीटर उंच आहे.

आंकारात्रा, इतासी आणि उत्तर टोकाजवळचा आंब्र पर्वत हे ज्वालामुखीजन्य आहेत. भूशास्त्रीय कालमानाने ते अगदी तरुण आहेत, तरी आज त्यांपैकी एकही जागृत नाही. जमिनीखालची उष्णता मात्र अंत्सिराबेच्या गरम झऱ्यांतून जाणवते, आणि त्याच परिसरातील त्रित्रिव्हा हे विवर-सरोवर जुन्या ज्वालामुखीच्या तोंडातच आहे. वायव्येकडील नोसी बे या बेटावरही अशी विवर-सरोवरे आहेत.

पूर्वेला इतका पाऊस आणि नैऋत्येला इतका कमी, असे का?

कारण डोंगर वाऱ्याच्या वाटेत आडवा उभा आहे. हिंदी महासागरावरून आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे बाष्प घेऊन येतात, पूर्वेकडील कड्यावर चढतात, थंड होतात आणि तेथेच बहुतेक पाणी टाकून देतात. पूर्व किनाऱ्यावरील तोआमासिना बंदरात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि अंतोंगिल उपसागराच्या परिसरात त्याहूनही जास्त. उंच प्रदेशात अंतानानारिव्होला सुमारे १,३०० ते १,४०० मिलिमीटर मिळतो, तर नैऋत्य किनाऱ्यावरील तोलियाराला केवळ ४०० मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वर आणि माण-खटाव यांच्यातील फरक ज्याने पाहिला आहे, त्याला पर्जन्यछाया वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. कोकणातला पाऊस मोसमी वाऱ्यांचा असल्याने चार महिन्यांत संपतो. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर व्यापारी वारे बाराही महिने वाहतात, त्यामुळे तेथे खरा कोरडा ऋतू जवळजवळ नसतोच. तेथील अरण्य सदाहरित राहते ते यामुळे. पश्चिमेचे गणित वेगळे आहे. दक्षिण गोलार्धाच्या उन्हाळ्यात विषुववृत्ताजवळचा कमी दाबाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि वायव्येकडून मोसमी वारे बेटावर पोहोचतात. पश्चिमेला पाऊस पडतो तो याच काही महिन्यांत. उरलेला काळ तेथील झाडे पाने गाळून काढतात. म्हणजे ऋतुचक्राच्या दृष्टीने आपल्या कोकणाशी अधिक मेळ बसतो तो मादागास्करच्या पश्चिम आणि वायव्य भागाचा, पूर्वेचा नव्हे.

वायव्येकडील सांबिरानो खोरे हा या नियमाला लक्षणीय अपवाद आहे. त्सारातानानाच्या उंच रांगेमुळे त्या कोपऱ्यात ओलावा अडतो, आणि कोरड्या पश्चिमेच्या मध्येच घनदाट, ओले जंगल उभे राहते.

चक्रीवादळे किती येतात आणि ती कोठून येतात?

नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, विशेषतः जानेवारी ते मार्चमध्ये, बहुतेक वर्षी एखाद-दुसरे चक्रीवादळ मादागास्करच्या किनाऱ्यावर धडकते. ती प्रायः हिंदी महासागरात पूर्वेला तयार होऊन पश्चिमेकडे सरकतात, म्हणून पहिला तडाखा पूर्व किनाऱ्याला बसतो. दक्षिण गोलार्धात असल्याने त्यांतील वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. बंगालच्या उपसागरातील किंवा अरबी समुद्रातील वादळांच्या बरोबर उलट.

मार्च २००४ मधील गाफिलो आणि फेब्रुवारी २०२२ मधील बात्सिराई या वादळांनी फार मोठी हानी केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेले फ्रेडी हे वादळ ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला जन्मले, सारा हिंदी महासागर ओलांडून मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर मानानजारीजवळ आदळले, पुढे मोझांबिकला गेले, सामुद्रधुनीत परत फिरले आणि मोझांबिकवर पुन्हा आले. बेट एकाकी आहे असे आपण म्हणतो तेव्हा ते जमिनीच्या अर्थाने. समुद्र आणि वारा त्याला कधी एकटे सोडत नाहीत.

सरळसोट पूर्व किनारा हे नुकसान वाढवतो, कारण जहाजांना आसरा घेता येईल अशी नैसर्गिक बंदरे त्यावर फारच थोडी आहेत. अंतोंगिलचा मोठा उपसागर हा तेथील ठळक अपवाद होय. उत्तर टोकाजवळच्या अंत्सिरानानाला मात्र अत्यंत सुरेख, सर्व बाजूंनी जमिनीने वेढलेले बंदर लाभले आहे.

अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत मादागास्करच्या नद्या लाल का दिसतात?

त्यांच्यातून जमीन वाहून जात असते म्हणून. हे उत्तर एका वाक्यात संपत असले, तरी त्यामागील प्रक्रिया नीट समजून घेण्यासारखी आहे.

उंच प्रदेशातील प्राचीन खडक उष्ण, दमट हवामानात कोट्यवधी वर्षे कुजत आले आहेत. या कुजण्यातून सिलिका आणि विरघळणारी द्रव्ये निघून जातात, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहते, आणि जमिनीला विटेचा रंग येतो. आपल्या कोकणात आणि गोव्यात याच प्रक्रियेतून जांभा दगड बनला आहे. फरक असा की कोकणातला बराचसा जांभा बेसाल्टपासून झालेला असून त्याचे चिरे काढून घरे बांधता येतात. मादागास्करमध्ये मूळ खडक बहुधा ग्रॅनाइट आणि नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) जातीचा आहे, आणि वरच्या कडक थराखाली कित्येक मीटर, काही ठिकाणी कित्येक दहा मीटर जाडीचा, मऊ, भुसभुशीत झालेला खडक असतो. वरचा थर एकदा फाटला की खालचे सारे सुटते.

यातूनच 'लावाका' तयार होतात. बेटाच्या मालागासी भाषेत या शब्दाचा अर्थ भोक किंवा खड्डा. टेकडीच्या उताराला मध्येच पडलेली ही प्रचंड लाल घळ असते. वरच्या बाजूला रुंद आणि अर्धवर्तुळाकार, खाली अरुंद तोंडाची, एखाद्या थेंबासारखी. साधी ओघळ पायथ्यापासून किंवा माथ्यापासून रेषेत वाढते. लावाका मात्र जमिनीखालून झिरपणाऱ्या पाण्यामुळे भिंती ढासळत ढासळत मागे सरकते. तिच्यातून निघालेली वाळू आणि माती खालच्या भातखाचरांवर पसरते आणि उरलेली नदीला मिळते. अंतानानारिव्होजवळून वाहणारी इकोपा नदी पुढे बेत्सिबोकाला मिळते, आणि ५२५ किलोमीटर लांबीची बेत्सिबोका वायव्य किनाऱ्यावर माहाजांगा शहराजवळ बोंबेतोका उपसागरात हा सारा गाळ नेऊन ओतते. लाल पाण्याची ती प्रसिद्ध छायाचित्रे याच मुखाची आहेत.

दोष कोणाचा, हा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. जंगलतोड, कुरणांसाठी दरवर्षी लावले जाणारे वणवे आणि गुरांचे चरणे यांमुळे धूप वाढली आहे, यात शंका नाही. पण बेटावर माणूस येण्यापूर्वीही लावाका पडत होत्या याचे पुरावे आहेत. त्याचप्रमाणे उंच प्रदेश एकेकाळी संपूर्णपणे जंगलाने झाकलेला होता आणि तो सारा माणसाने उघडा केला, ही जुनी समजूतही आता टिकत नाही. तेथे नैसर्गिक गवताळ भाग पूर्वीपासून होते. जंगल गेले आणि जातही आहे, ही गंभीर गोष्ट आहे. परंतु तीव्र उतार, कुजलेला जाड खडक आणि मुसळधार पाऊस एकत्र आल्यावर जमीन स्वतःच किती नाजूक होते, हे न सांगता सगळा भार तेथील शेतकऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

नद्यांचे एकंदर स्वरूप कसे आहे?

नद्यांचे पाणी पूर्व आणि पश्चिमेला विभागणारा जलविभाजक माथा पूर्वेच्या बाजूला सरकलेला असल्याने पूर्ववाहिनी नद्या आखूड, वेगवान आणि धबधब्यांच्या आहेत, कोकणातल्या नद्यांसारख्याच. पश्चिमवाहिनी नद्या लांब आणि संथ आहेत. मांगोकी, त्सिरिबिहिना, बेत्सिबोका आणि ओनिलाही या त्यांतल्या प्रमुख. मांगोकी सुमारे ५६० किलोमीटर लांबीची असून ती बेटावरील सर्वांत लांब नदी मानली जाते. या नद्यांच्या मुखाशी गाळाचे त्रिभुज प्रदेश आणि खारफुटीची विस्तीर्ण वने आहेत. खारफुटी जवळजवळ सगळी पश्चिम किनाऱ्यावरच आहे, कारण उथळ समुद्र, भरपूर गाळ आणि भरती-ओहोटीचा मोठा फरक तिकडेच मिळतो.

'त्सिंगी' म्हणजे काय?

पश्चिम आणि उत्तर मादागास्करमध्ये चुनखडकाचे असे प्रदेश आहेत की ज्यांचा पृष्ठभाग म्हणजे सुळक्यांचे जंगलच आहे. त्या सुळक्यांच्या धारा इतक्या तीक्ष्ण असतात की त्यांवर पाऊल टेकवणे कठीण. त्सिंगी या मालागासी शब्दाचा संबंध चवड्यांवर चालण्याशी लावला जातो.

पश्चिमेकडील बेमाराहा येथील त्सिंगी सर्वांत प्रसिद्ध आहेत. १९९० साली युनेस्कोने तेथील संरक्षित क्षेत्राला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला आणि मादागास्करला मिळालेले ते पहिले वारसास्थळ ठरले. तेथील चुनखडक ज्युरासिक कालखंडात उथळ समुद्राच्या तळाशी साचला. पुढे तो वर उचलला गेला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. त्यानंतरचे काम पाण्याने दोन बाजूंनी केले. भूजलाने भेगांच्या रेषेत आतून खडक विरघळवून गुहा आणि भुयारे तयार केली. किंचित आम्लयुक्त पावसाने वरून माथे झिजवून धारदार केले. भुयारांची छते कोसळली आणि दोन्ही कामे एकमेकांना मिळाली, तेव्हा सुळके आणि त्यांच्या मधल्या अरुंद, खोल गल्ल्या उरल्या. काही ठिकाणी या भिंती ७० मीटरपर्यंत उंच आहेत. माथ्यावर उन्हाने तापलेला, मातीचा कण नसलेला खडक आणि गल्लीच्या तळाशी सावली, ओल व झाडे: एकाच ठिकाणी काही मीटरच्या अंतरात दोन हवामाने नांदतात, आणि म्हणून तेथील जीवसृष्टी इतकी निराळी आहे.

उत्तरेकडील आंकाराना येथेही त्सिंगी आहेत. तेथे सुळक्यांपेक्षा खालच्या गुहांचे आणि भूमिगत नद्यांचे जाळे अधिक विलक्षण आहे. त्या नद्यांत मगरीही राहतात. दक्षिणेकडील इसालो मात्र त्सिंगी नव्हे. तो ज्युरासिक वालुकाश्माचा डोंगर आहे, आणि वारा व पाणी यांनी त्यात घळी, कमानी आणि गोल शिळा कोरल्या आहेत. छायाचित्रांत या दोन्हींची सर्रास गल्लत केलेली आढळते.

अलाओत्रा सरोवर आणि पांगालान कालवा यांचे महत्त्व काय?

अलाओत्रा हे वर उल्लेखिलेल्या खचलेल्या पट्ट्यातले, सुमारे ७५० मीटर उंचीवरचे सरोवर आहे. ते अतिशय उथळ असल्याने त्याचा आकार ऋतूप्रमाणे बदलतो. पावसाळ्यात पाणी आणि दलदल मिळून ते सुमारे ९०० चौरस किलोमीटरपर्यंत पसरते. भोवतालचा सपाट प्रदेश हे देशाचे भाताचे कोठार आहे. आजूबाजूच्या टेकड्यांवरील लावाकांची माती मात्र सरोवर भरून काढीत आहे.

पांगालान ही पूर्व किनाऱ्याला समांतर जाणारी, तोआमासिनापासून दक्षिणेकडे फाराफांगानापर्यंतची ६०० किलोमीटरहून अधिक लांबीची जलवाट आहे. ती बहुतांशी निसर्गाने बनवलेली आहे: समुद्रप्रवाह वाळूचे बांध घालतात आणि त्यांच्या आत खाजणे साचतात. फ्रेंच राजवटीत, १८९६ नंतरच्या काही वर्षांत, ही खाजणे खोदकाम करून एकमेकांना जोडली गेली. खवळलेल्या उघड्या समुद्राऐवजी होड्यांना शांत पाणी मिळाले.

दक्षिणेत वारंवार दुष्काळ का पडतो?

आंद्रॉय आणि माहाफाली हे दक्षिणेकडील प्रदेश पर्जन्यछायेत आहेत आणि मकरवृत्ताजवळच्या कोरड्या, उतरत्या हवेच्या पट्ट्यातही येतात. वर्षाचा पाऊस बहुतेक ठिकाणी ५०० मिलिमीटरच्या आत, आणि तोही बेभरवशाचा. माहाफालीचे पठार चुनखडकाचे असल्याने पडलेले पाणी भेगांतून खाली जाते. आंद्रॉयमधील मांद्रारेसारख्या नद्यांचे पात्र वर्षाचा मोठा काळ कोरडी वाळू असते आणि लोक त्या वाळूत झरे खणून पाणी काढतात. दुष्काळातील उपासमारीला तेथे 'केरे' असा स्वतंत्र शब्द आहे. २०१९ नंतरच्या सलग कोरड्या हंगामांनी आलेल्या केरेची नोंद जगभर घेतली गेली. ज्या देशाच्या एका टोकाला वर्षभर पाऊस पडतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला हे घडते, आणि मधले अंतर व खराब रस्ते यांमुळे एकीकडचे धान्य दुसरीकडे वेळेवर पोहोचत नाही.

या प्रदेशातील काटेरी वनस्पतींचे रान जगात अन्यत्र कोठेही नाही.

बेट एकाकी असल्याचा जीवसृष्टीवर काय परिणाम झाला?

हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे; येथे भूगोलापुरते सांगतो. गेली ८ कोटींहून अधिक वर्षे मादागास्कर कोणत्याही मोठ्या भूभागाला जोडलेले नाही. लेमूरांचे पूर्वज त्यानंतर आले, म्हणजे ते समुद्रावरूनच आले असले पाहिजेत, बहुधा पुरात वाहून गेलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवर. आज तेथे लेमूरांच्या शंभराहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या मूळच्या याच बेटावरच्या. बाओबाबच्या जगातील ८ जातींपैकी ६ केवळ मादागास्करमध्ये आढळतात. कोकणातल्या काही जुन्या वस्त्यांजवळ आणि किल्ल्यांवर दिसणारी गोरखचिंच ही बाओबाबच असली, तरी ती आफ्रिकेतली जात आहे, मादागास्करची नव्हे.

आपल्या रस्त्यारस्त्यावरचा गुलमोहर मात्र मूळचा पश्चिम मादागास्करच्या पानझडी जंगलातला, आणि कुंपणाशी बारमाही फुलणारी सदाफुलीही मूळची मादागास्करचीच. गुलमोहर कोरड्या ऋतूच्या अखेरीस, पाऊस येण्याच्या तोंडावर फुलतो. म्हणून तो आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पेटतो आणि त्याच्या मायभूमीत वर्षअखेरीच्या सुमारास.

तेथे कोणती खनिजे सापडतात?

प्राचीन रूपांतरित खडकांमुळे ग्राफाइट, क्रोमाइट आणि रत्ने मुबलक आहेत. १९९८ साली इलाकाका येथे नीलमण्यांचे मोठे साठे सापडले आणि एका लहानशा वस्तीचे काही वर्षांत गजबजलेले गाव झाले. मोरामांगाजवळ आंबातोव्ही येथे जांभ्यासारख्या मातीतूनच निकेल आणि कोबाल्ट काढले जाते, आणि आग्नेय किनाऱ्यावर तोलान्यारोजवळच्या वाळूतून इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज.

नकाशावरील लांबलचक नावे कशी वाचावीत?

ती तोडून वाचली की सोपी होतात, आणि पुष्कळ नावांत तेथील भूगोलच सांगितलेला असतो. मालागासी लेखनातील 'ओ' हे अक्षर 'उ'सारखे उच्चारतात आणि शब्दाच्या शेवटचे स्वर बहुधा अर्धवट गिळले जातात, म्हणून राजधानीचे नाव स्थानिक माणसाच्या तोंडी 'अंतानानारिव्हू'सारखे ऐकू येते. 'नोसी' म्हणजे बेट आणि 'बे' म्हणजे मोठे किंवा पुष्कळ; नोसी बे म्हणजे मोठे बेट. 'सिरा' म्हणजे मीठ. खनिजयुक्त झऱ्यांचे अंत्सिराबे म्हणजे जेथे पुष्कळ मीठ आहे ती जागा. 'रानो' म्हणजे पाणी आणि 'माफाना' म्हणजे गरम. पूर्वेकडील रानोमाफाना या गावी गरम पाण्याचे झरे आहेत, हे नावावरूनच कळते. आंद्रॉय म्हणजे काट्यांचा मुलूख. आणि आंकारात्रा रांगेतील त्या २,६४३ मीटरच्या शिखराचे नाव, त्सियाफाजाव्होना, याचा अर्थ ज्यावरचे धुके हटत नाही ते.